तलावातली मेंढरं

माझ्या आईने गावात सांगून ठेवलंय की मी पाण्याचा डॉक्टर आहे. त्यामुळे सुट्टीत नातेपुत्याला गेलो की दारात माणसं येतात. कुणी बोअरचं पाणी बाटलीत भरून आणतो आणि ते प्यायल्यावर गुडघे का दुखतात ते विचारतो. एका उन्हाळ्यात चुलत्याने मला रानात नेऊन तळहातावर नारळ ठेवून चालायला लावलं. नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर घ्यायची होती. मी सगळं रान चाललो. नारळ शेवटपर्यंत आडवाच. चुलता म्हणाला, "लई शिकलं की हातातलं जातं बग." त्याने दुसऱ्या माणसाला बोलावलं, आणि त्या माणसाला पाणी लागलं.

मी खरं तर शिकलो ते प्लवक. पाण्यात तरंगत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यात काही वनस्पती असतात आणि त्या खाणारे काही प्राणी असतात. शहरातल्या तलावांत ते कसे जगतात, हा माझा विषय. वडिलांना हे सांगायला मला बरीच वर्षं लागली. आमचं मेंढरं राखणारं घर. दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी शेवाळ व्हय?"

"शेवाळ, आणि शेवाळ खाणारे बारीक किडे."

"मग त्ये आपल्या हाळावर बी हाय की. मेंढरं पाणी पितात तितं. त्येच्यासाठी सोलापूरला कशाला गेला?"

महाविद्यालयात विद्यार्थ्यांना विषयाची ओळख करून देताना हा प्रश्न अजून मनात येतो आणि मी घाईने फळ्याकडे वळतो.

पण हे विज्ञान मी मनापासून केलं. आयुष्यातली पहिली पाणपिसू, त्या शेवाळ खाणाऱ्या किड्यांतलीच एक, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तो दिवस मला आठवतो. तिचं अंग काचेसारखं आरपार होतं. आतलं हृदय धडधडताना दिसत होतं, आणि पाठीतल्या पिशवीत अंडी होती. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शाळेत कुणी मोठं माणूस वर्गात आलं की उठायची सवय होती, ती तशीच राहिलेली. शेजारच्या मुलाने विचारलं, "सर आले का?" मी म्हणालो, "नाही." पण बसलो नाही.

त्या दिवसांत मी शुक्रवार पेठेत एका माडीवरच्या खोलीत राहायचो. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना सगळे अम्मा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. त्यांचे यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे, आणि केसांत सुताचे पांढरे तंतू असायचे. अम्मा रोज संध्याकाळी जिन्याखालून हाक मारत, "बिड्डा, खाली ये की." बिड्डा म्हणजे लेकरू. तेवढा एक तेलुगू शब्द मी शिकलो. तो ऐकू आला की जेवण असायचं, त्यामुळे दुसरे शब्द शिकायची गरजच पडली नाही. माझं शिक्षण त्या घरातल्या ताटावर पुरं झालं, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

पुढे मला नोकरी लागली. मी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. अम्मांची मुलगी भिवंडीला दिली. मग यजमान वारले आणि अम्मा एकट्या राहिल्या. तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला. रोज सकाळी कणकेच्या गोळ्यांनी भरलेला डबा घेऊन त्या तलावावर जायच्या आणि माशांना खाऊ घालायच्या. माशांच्या तोंडी पडलेला घास गेलेल्या माणसाला पोचतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "मागाच्या पाळीत ह्यांना कधी वेळेवर जेवायला मिळालं नाही," त्या म्हणायच्या. "आता तरी मिळू दे."

हा तलाव नेमका माझा तलाव होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तलावालाही अब्रू असते. शहराच्या मधोमध आहे, भोवती फिरायचा रस्ता आहे, संध्याकाळी रंगीत दिव्यांचं आणि गाण्यांचं कारंजं चालतं. पाणी वर्षातले बरेच महिने हिरवं असतं. एप्रिल-मेमध्ये तर त्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय धरते. मी आठवड्यातून एकदा पहाटे तिथे जातो. माझ्याकडे बारीक कापडाची जाळी असते, वर कडं आणि खाली शेपटीला बाटली. ती पाण्यातून ओढली की पाणी निघून जातं आणि जीव बाटलीत उतरतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस फुलपाखरं धरायला आला होता आणि तोल जाऊन पाण्याशी आला.

"काय गावलं का, मास्तर?" फिरायला येणारे विचारतात.

"गावलं की."

"दावा."

मी बाटली देतो. तो माणूस ती उन्हाकडे धरतो, हलवतो, वास घेतो, आणि परत देताना माझ्याकडे अशा मायेने बघतो की, घरी कुणी काळजी घेणारं आहे का, असं त्याला विचारायचं असावं.

आता अडचण सांगतो. कणकेचा गोळा पाण्यात टाकला की मासे थोडा खातात. उरलेला तळाशी जाऊन कुजतो. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो, आणि कुजून झालं की त्याचं खत होतं. ते खत खाऊन हिरवे जीव आणखी माजतात. दिवसा उन्हात हे हिरवे जीव ऑक्सिजन सोडतात, पण रात्री तेही इतरांसारखाच तो घेतात. म्हणून पहाटे तलावातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. एखाद्या दिवशी तो पुरता संपला की मासे मरतात. तलावात गटाराचं पाणी येतं, निर्माल्य येतं, त्या मानाने अम्मांचा डबा काहीच नव्हता. पण अम्मांचं बघून आणखी बायका डबे आणू लागल्या होत्या. शिवाय गटाराशी मला बोलता येत नाही. अम्मांशी येत होतं. निदान यायला हवं होतं.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. पुष्कळदा गेलो. प्रत्येक वेळी अम्मांनी आधी ताट वाढलं. तोंडात घास असताना कणकेविरुद्ध बोलणं मला जमलं नाही, आणि जेवण झाल्यावर तर बोलायला काही कारणच उरत नसे. त्यांचा नेम मोडायचा म्हणजे गेलेल्या माणसाच्या तोंडचा घास काढायचा. आणि तो कुणी काढायचा, तर त्याच घरात वर्षानुवर्षं जेवलेल्या माणसाने.

अशात सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय : आपला तलाव हिरवा का? मला वाटलं, देवच पावला. अम्मा तिथे असणारच. चारचौघांत सर्वांसाठी म्हणून सांगितलं की एकट्या त्यांना सांगितल्यासारखं होणार नाही, आणि त्यांना कळेलही. शिकलेल्या माणसाला भित्रेपणासाठी पुष्कळ चांगली नावं माहीत असतात. मी त्याला लोकशिक्षण म्हणालो.

व्याख्यान तलावाकाठच्या कट्ट्यावर होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी टॉवेल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला आणि 'किटाणूंचे गाढे अभ्यासक' अशी ओळख करून दिली. मी रात्र खर्ची घालून पडद्यावर दाखवायची चित्रं तयार केली होती. सकाळच्या लख्ख उन्हात पडदा कुठे लावणार, हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. मग मी नुसताच बोलायला उभा राहिलो.

"प्लवक म्हणजे स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध पोहू न शकणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे जीव."

"म्हणजे आपल्या मंडळासारखेच की," मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर जी गडबड झाली तिच्यात माझी दोन-तीन चांगली वाक्यं वाहून गेली. लोक घड्याळ बघू लागले. अम्मा पहिल्या रांगेत डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, बक्षीस समारंभात आपल्या मुलाला कविता आठवत नसेल तर आईच्या चेहऱ्यावर दिसते तशी. तेव्हा मी पुस्तक सोडलं आणि माझ्या घरातलं बोललो.

"असं समजा, तलाव म्हणजे माळरान. पाण्यातलं हे हिरवं म्हणजे गवत. पाण्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक मेंढरं आहेत, ती हे गवत चरतात. मेंढरं भरपूर असली की गवत आटोक्यात राहतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. पण मासे म्हणजे लांडगे. ते मेंढरं खातात. मेंढरं कमी झाली की गवत माजतं."

मग लोक पुढे सरकले. कुणी विचारलं, एका मेंढराला किती पिल्लं होतात. कुणी विचारलं, मेंढपाळ कोण. मी रंगात आलो. वडिलांच्या बोलण्यात ऐकलेलं सगळं त्या तलावात ओतलं. पाणपिसू कशी कळपाने खाली-वर करते, लांडगे दिसले की खोल पाण्यात कशी दडते. टाळ्या पडल्या. त्या भरात शेवटची गोष्ट, म्हणजे मुख्य गोष्ट, मी अशी सांगितली : "आणि बाहेरून पाण्यात काही जास्तीचं पडू नये, याची सर्वांनी आपापल्या परीने काळजी घ्यावी." इतकं गुळगुळीत वाक्य मी विद्यापीठातल्या चर्चासत्रातही कधी बोललो नव्हतो. अध्यक्षांना वाटलं, मी प्लॅस्टिकबद्दल बोलतोय. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात जाळी घेऊन गेलो तर पायऱ्यांवर बायकांची रांग होती. अम्मांच्या हातात नेहमीच्या डब्याऐवजी पातेलं होतं.

"अम्मा, आज काही विशेष आहे का?"

"तूच सांगितलंस की." अम्मा गोळे टाकत म्हणाल्या. "मासा लांडगा हाय, मेंढरं खातो. पोट भरलेला लांडगा मेंढराला कशाला हात लावेल? आम्ही सगळ्यांनी ठरवलं. माशांची पोटं भरायची. मेंढरं वाचतील, गवत कमी होईल, पाणी चांगलं होईल. ह्यांना पण घास पोचेल."

मी जाळी धरून उभा राहिलो. त्यांच्या बोलण्यात कुठे चूक आहे ते शोधू लागलो. सापडेना. माझ्याच दाखल्यातून ते अगदी सरळ निघत होतं. मी एवढंच म्हणालो, "हो, पण ते तितकंसं तसं नसतं." अम्मांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातावर एक गोळा ठेवला. "टाक तू पण. अभ्यास केलास, पुण्य पण कर."

मी टाकला.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. म्हटलं, निदान लांडग्यांच्या बाजूने तरी काही आधार मिळेल.

"दादा, पोट भरलेला लांडगा मेंढरू मारतो का हो?"

"कशाला मारंल? भरल्या पोटाचा लांडगा उन्हाला पडून ऱ्हातो. का, काय झालं?"

मी काय झालं ते सांगितलं. दादा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "बाई बराबर बोलतीया. तू लांडगं कशाला सांगत बसला? पीठ कुजतंय म्हणायचं व्हतं की सरळ."

"सांगता येईना, दादा. त्यांच्याच घरी जेवलोय."

"मग आता मेंढरं राख," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

मे संपत आला होता. दिवसभर कडक ऊन आणि संध्याकाळी ढग, पण पाऊस नाही. एका पहाटे मी गेलो तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं आणि वारा पूर्ण पडलेला. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. पायऱ्यांजवळ पोचलो तर बायका आनंदाने एकमेकींना हाका मारत होत्या. पायरीपासून जिथवर नजर जाईल तिथवर मासे वर आले होते. लहान, मोठे, कधी न दिसणारे तळातले मिशीवालेसुद्धा. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर, आणि सगळी उघडमीट करत होती.

"बघ बिड्डा," अम्मा म्हणाल्या. "सगळे आले आज. किती भुकेलेत बघ. ह्यांच्यात हे पण असतील."

त्या पातेल्यातून मुठीमुठीने गोळे टाकत होत्या. एकही मासा गोळ्याकडे वळत नव्हता. गोळे त्यांच्या तोंडांवरून घरंगळून खाली जात होते. मी हे पुस्तकात वाचलं होतं, विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारलंही होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी अम्मांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायांशिवाय कशालाही हात लावलेला नव्हता.

"अम्मा, टाकू नका. ते भुकेले नाहीत. त्यांना श्वास लागलाय."

"तोंड उघडतायत की."

"श्वासासाठी. पाण्यातली हवा संपलीय. पीठ खाली जाऊन कुजतं, त्यात संपते. रोज थोडी संपते, आज ऊन नाही, वारा नाही, म्हणून जास्त. थांबा अम्मा. आता टाकाल तेवढी आणखी संपेल."

सगळं मिळून इतकंच होतं. त्यात ना गवत होतं, ना मेंढरं, ना लांडगे. बायकांनी हातातले गोळे परत डब्यांत टाकले. अम्मांनी हात सोडवून घेतला नाही. त्या माशांकडे बघत राहिल्या.

"ह्यांचं शेवटी असंच झालं होतं," त्या हळू म्हणाल्या. "छातीत सगळा कापूस भरला होता. असंच तोंड उघडायचे. मला वाटायचं, भूक लागली. मी चमच्याने पेज घालायची. डॉक्टर येऊन ओरडला, म्हणाला, बाई, चमचा बाजूला ठेव." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आता काय करायचं ते सांग."

या क्षणासाठी मी पदवी घेतली होती, त्यावरची पदवी घेतली होती आणि आता तिच्यावरच्या पदवीसाठी नाव नोंदवलं होतं. मी म्हणालो, "ऊन पडलं की बरं होईल."

"ऊन कुठंय?"

"नाहीतर पाणी हलायला पाहिजे. हललं की वरची हवा त्यात मिसळते."

"मग हलव की."

मी बूट काढले, पँट वर केली, पायरीवरून गुडघाभर पाण्यात उतरलो आणि जाळीच्या दांड्याने पाणी झोडपू लागलो. एवढा मोठा तलाव आणि त्याच्या कडेला दांडा आपटणारा मी. फिरायला आलेले लोक थांबले. अध्यक्षांनी काठावरून विचारलं, "मास्तर, हा प्रयोग आहे का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

अम्मांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्या वळल्या आणि तरातरा पहारेकऱ्याच्या खोलीकडे गेल्या. लांबून त्यांचा आवाज येत होता, आधी मराठीत, मग तेलुगूत. पहारेकरी म्हणत होता, "संध्याकाळचं असतंय ते, अम्मा. सकाळी लावायला साहेबांनी सांगितलेलं नाही." अम्मा काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, कारण त्यात बिड्डा नव्हता. पण थोड्याच वेळात तलावाच्या मधोमध खळखळ झाली आणि कारंजं उसळलं. त्याला दिवे आणि गाणी जोडलेलीच होती. ढगाळ पहाटे लाल-निळ्या उजेडात नाचाचं गाणं वाजू लागलं, आणि मी गुडघाभर पाण्यात हातात दांडा घेऊन उभा.

कारंज्याचं सुचलं ते अम्मांना. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. विषयाच्या पुस्तकात ते 'वायुवीजन' अशा नावाने येतं.

हळूहळू मासे कारंज्याच्या बाजूला सरकू लागले. सगळे नाही. पायरीजवळचे काही उलटे झाले आणि त्यांचं पांढरं पोट वर आलं. अम्मा त्यांच्याकडे बघत बसून राहिल्या, त्यांनी ते मोजले मात्र नाहीत. उशिरा ढग फाटले आणि ऊन पाण्यावर आलं. मी सांगितलं की आता माशांची धाप उतरेल, आता हिरवे जीव हवा सोडायला लागतील.

"तेच हिरवे? ज्यांना तू माजलेलं गवत म्हणत होतास?"

"तेच."

"मग शिव्या कशाला देत होतास?"

त्यांना मी बरंच समजावून सांगितलं. कमी असले तर चांगले, जास्त झाले तर रात्री जड जातात. अम्मांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं येतं तुला, मग पिठाचं आधी का नाही बोललास?"

"तुम्ही ताट वाढायचात, अम्मा."

"वाढणारच. म्हणून बोलायचं नाही?" त्या उठल्या. "माझ्या आमटीत मीठ जास्त पडायचं तेव्हा पण तू बोलायचा नाहीस. मला वाटायचं, तुमच्याकडं असंच खातात. मी मुद्दाम जास्त टाकायची."

दुसऱ्या दिवशी माझा तलावावर जायचा वार नव्हता, तरी गेलो. बायका आल्या नव्हत्या. अम्मा मात्र त्यांच्या पायरीवर होत्या. डबा नव्हता, पातेलंही नव्हतं. वाचलेले मासे सवयीप्रमाणे पायरीशी जमले होते. अम्मांनी दोन्ही हात पालथे-उलथे करून त्यांना रिकामे तळवे दाखवले आणि तेलुगूत बराच वेळ काहीतरी बोलल्या. मध्ये एकदा माझ्याकडे बोट केलं.

"काय म्हणालात, अम्मा?"

"ह्यांना सांगितलं. म्हटलं, ह्या मास्तरानं बंद केलंय. माझ्यावर रागावू नका."

मासे थोडा वेळ थांबले आणि खोल पाण्याकडे वळले. वळताना एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.